‘मोफत’ कोर्सची किंमत पंचावन्न हजार

वाचकाचं पत्र:

“मी वीस वर्षांची, हडपसरला राहते. बारावी कॉमर्स, ५८ टक्के. एफवायबीकॉमला असताना बाबांचा अपघात झाला. त्यांची रिक्षा बंद आहे, पायावर उपचार अजून चालू आहेत. माझं कॉलेज सुटलं. वस्तीत एका संस्थेच्या ताई आल्या होत्या. तीन महिन्यांचा मोफत कोर्स, सकाळी नऊ ते एक, मग दोन महिने इंटर्नशिप आणि नंतर नोकरी लावून देतो म्हणाल्या. टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर), हॉस्पिटल असिस्टंट किंवा रिटेल, यातलं एक निवडायचं. त्याच आठवड्यात सुपरमार्केटमध्ये ११ हजारांची नोकरी चालून आलीये. शिवाय एक खासगी इन्स्टिट्यूट रोज फोन करते, १८ हजार भरा, शंभर टक्के नोकरी. आई म्हणते, हातात आलंय ते धर. मला इंग्रजी बोलता येत नाही. काय करू?”

उत्तर:

इन्स्टिट्यूटचं आधी मिटवून टाकू. तो नंबर ब्लॉक कर. नोकरी लावून देण्याचे पैसे द्यायचेच असतील तर ते माणूस हवा असलेली कंपनी देते, उमेदवार नाही. ‘शंभर टक्के’ म्हणणाऱ्यांचं पुढचं पाऊल बहुतेक ठरलेलं असतं. एकदम १८ हजार नसतील तर ‘सोपे हप्ते करून देतो’ म्हणतात, तुझा आधार आणि पॅन घेतात, मोबाइलवर आलेला ओटीपी विचारतात. तो ओटीपी सांगितलास की तुझ्या नावावर एखाद्या फायनान्स कंपनीचं कर्ज झालं. क्लास पुढच्या महिन्यात बंद पडला तरी हप्ता चालूच राहतो आणि थकला की सिबिल स्कोअर, म्हणजे पुढे कर्ज देताना बँका बघतात तो आकडा, तुझा खराब होतो. कागद द्यायला बोलावलं तरी जाऊ नकोस.

खरा प्रश्न सुपरमार्केट की संस्था हा आहे. त्यात आईचं म्हणणं वाटतं तितकं चुकीचं नाही. संस्थेचा कोर्स मोफत असला तरी तुझा वेळ मोफत नाही. पाच महिने तू ११ हजारांची नोकरी सोडणार, म्हणजे ५५ हजार. कोर्सनंतर हातात साडेचौदा हजार पडले असं धर. सुपरमार्केटपेक्षा महिना साडेतीन हजार जास्त. ५५ हजार भरून निघायला जवळजवळ सोळा महिने लागतील. इंटर्नशिपला महिना ५ हजार स्टायपेंड मिळाला आणि वर्ग एकला सुटल्यावर तू संध्याकाळचं काही काम करून महिना ४ हजार आणलेस, तर खड्डा ५५ वरून ३३ हजारांवर येतो आणि साडेनऊ महिन्यांत भरतो. म्हणून ‘स्टायपेंड किती’ हे विचारताना लाजू नकोस. ‘थोडाफार मिळेल’ हे उत्तर धरायचं नाही, आकडा मागायचा.

सुपरमार्केटमध्येही एक गोष्ट विचारून ये, ती तुमच्या घरासाठी पगाराएवढीच मोठी आहे. ईएसआयसी, म्हणजे पगारातून वर्गणी कापून उपचार देणारा सरकारी विमा, कापतात का? दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील आणि पगार २१ हजारांच्या आत असेल, तर ती लागू होते. तुझ्या पगारातून पाऊण टक्का जातो, मालक सव्वातीन टक्के भरतो. अवलंबून असलेल्या आईवडिलांनाही तिथे उपचार मिळतात, फक्त त्यांचं स्वतःचं उत्पन्न महिना ९ हजारांच्या आत असावं लागतं. बाबांची रिक्षा बंद आहे, पायावर उपचार चालू आहेत आणि बिबवेवाडीला ईएसआयसीचं हॉस्पिटल आहे. खासगी दवाखान्यात महिन्याला किती जातात ते आईला विचार आणि तो आकडा ११ हजारांच्या शेजारी लिही.

आणि ११ हजार म्हणजे नेमके कुठले, हातात येणारे की कागदावरचे? याच आकड्यावर सगळ्यात जास्त मुलं फसतात. समज, कोणी ‘१५ हजार सीटीसी’, म्हणजे कंपनीला तुझ्यावर येणारा एकूण खर्च, म्हणालं. त्यात मालकाच्या वाट्याचा पीएफ, पीएफसोबतचा खर्च आणि ईएसआयसी धरलेली असते, म्हणजे ग्रॉसवर (कपातीआधीच्या पगारावर) साधारण सव्वासोळा टक्के जास्त. ते वजा जाता ग्रॉस उरतो १२,९०० च्या आसपास. त्यातून तुझा १२ टक्के पीएफ आणि पाऊण टक्का ईएसआयसी गेली की हातात येतात सव्वाअकरा हजार. (पीएफ पूर्ण पगारावर कापला असं धरलंय. मुलगा असता तर व्यवसाय कराचे आणखी २०० गेले असते. महाराष्ट्रात महिलांना २५ हजारांपर्यंत तो माफ आहे.) म्हणजे उद्या संस्थेने १५ सांगितले, तर ते आणि सुपरमार्केटचे ११ कदाचित एकच असतील. दोन्हीकडे एकच प्रश्न विचार, ‘कटून हातात किती?’ शिवाय किमान वेतनातला विशेष भत्ता दर जानेवारी आणि जुलैला बदलतो. दुकानांसाठीचा पुण्याच्या परिमंडळाचा चालू दर कामगार विभागाच्या पत्रकात असतो. ग्रॉस त्याच्या खाली असेल तर सुपरमार्केट तुला कमी देतंय.

आता संस्था. वस्तीत आलेल्या ताईंना त्यांच्या भाषेत मोबिलायझर म्हणतात. बॅच भरणं हे त्यांचं काम असतं. पैसा बहुतेक कंपन्यांच्या सीएसआरचा, म्हणजे सामाजिक कामासाठीचा, असतो. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के अशा कामांवर खर्च करावे लागतात आणि देणारी कंपनी विचारते, किती मुलं शिकवली, किती लावली. यात वाईट काही नाही. पण त्या हिशेबामुळे ‘प्लेसमेंट’ हा शब्द रबरासारखा ताणला जातो. समज, ३० मुलं बसली, २२ टिकली, १८ नोकरीला लागली आणि तीन महिन्यांनी ११ उरली. पत्रकावर छापतील ८२ टक्के, म्हणजे २२ पैकी १८. बसलेल्यांपैकी म्हणशील तर ६० टक्के. बसलेल्यांपैकी तीन महिन्यांनी कामावर उरलेल्यांचं विचारशील तर ३७. तिन्ही आकडे खरे आहेत. तुझ्या कामाचा शेवटचा.

म्हणून केंद्रावर जाऊन विचारायचं, ‘मागच्या टॅलीच्या बॅचला किती जण बसले आणि त्यातले आज किती त्याच कामावर आहेत? दोघींचे नंबर द्याल का?’ नीट चालणारी संस्था हे सांगते, कारण ती मुलांना सहा महिने, वर्षभर फोन करत असते आणि आकडा वहीत असतो. ‘तसं नसतं हो, तुमच्या मेहनतीवर असतं’ असं ऐकू आलं तर उठायचं. दोघींपैकी एकीला तरी फोन कर आणि नोकरी कशी आहे याऐवजी इंटर्नशिपला पहिल्या महिन्यात काय काम दिलं, ते विचार. पुण्यात महापालिकेच्या साथीने चालणारी ‘लाइटहाउस’ची केंद्रं आहेत, ‘प्रथम’ आणि ‘युवा परिवर्तन’ हीही याच क्षेत्रातली जुनी नावं. आणखी एका ठिकाणी जाऊन तेच प्रश्न विचारलेस की तुलना आपोआप होईल. जाताना मूळ मार्कशीट पिशवीत नेऊ नकोस. झेरॉक्स द्यायची, मूळ कागद कोणाच्याही कपाटात ठेवायचे नाहीत, संस्था कितीही चांगली असो.

अशा कोर्सचा कस वर्गात लागत नाही, इंटर्नशिपला लागतो. अमेरिकेत बॉस्टनला २००० साली सुरू झालेली ‘इयर अप’ पदवी नसलेल्या तरुणांसाठी हेच काम करते. तिची मूळ घडी साधारण सहा महिने वर्ग आणि सहा महिने कंपनीत काम अशी. स्टायपेंड हजेरी-वक्तशीरपणाच्या गुणांना बांधलेला, उशीर झाला की कापला जातो. आपल्याकडे शिरूर तालुक्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात, १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबागांनी सुरू केल्यापासून, शाळा सुटलेली मुलं वेल्डिंग-वायरिंग हाताने करतच शिकतात. तुझ्या कोर्समध्ये कामाची बाजू दोन महिन्यांची आहे. कमी आहे, पण चालेल. अट एकच, ती दोन महिने कुठे, हे बॅच सुरू होण्याआधी कळायला हवं. ‘बघू, टाय-अप आहेत’ यावर तीन महिने लावू नयेत.

इथे तीन शब्दांची गल्लत होते. इंटर्न, ट्रेनी, अप्रेंटिस. खासगी इंटर्नशिपला किती स्टायपेंड द्यायचा हे ठरवणारा कायदा नाही. ट्रेनी म्हणजे बहुधा साधा नोकर, फक्त पगार कमी. अप्रेंटिस मात्र १९६१ च्या कायद्यातला शब्द आहे. त्याचा करार सरकारी पोर्टलवर नोंदला जातो, २०१९ च्या नियमांप्रमाणे बारावी पासला महिना किमान ७ हजार ठरले, आणि त्यातला पाव हिस्सा, जास्तीत जास्त १५०० रुपये, सरकार थेट तुझ्या खात्यात टाकतं. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात, चार ते २९ असतील तर मर्जी. हा करार सहा महिन्यांपेक्षा कमीचा होत नाही. तेव्हा कोणी ‘दोन महिन्यांची अप्रेंटिसशिप’ म्हणालं तर त्याला शब्द माहीत नाही किंवा तुला माहीत नसेल अशी त्याची खात्री आहे. अप्रेंटिसला पीएफ-ईएसआयसी नसते, हेही लक्षात ठेव. बाबांच्या उपचारांचा विचार त्यात बसत नाही.

तीन विषयांपैकी तू टॅली घे. बारावी कॉमर्स आहेस म्हणून नाही, ५८ टक्क्यांत जर्नल एंट्री डोक्यात राहिलीच असेल असं नाही. या कामात वर चढायला पायऱ्या आहेत, म्हणून. रिटेल शिकायला तुला तीन महिने वर्गात बसायची गरज नाही, सुपरमार्केट तेच पगार देऊन शिकवेल. हॉस्पिटल असिस्टंटला मागणी भरपूर आहे, पण काम काय ते आधी बघून ये. पेशंट उचलणं, बेडपॅन, चादरी, रात्रपाळ्या, बऱ्याच ठिकाणी बारा-बारा तास. काम वाईट नाही, मन असेल त्याने जरूर करावं. पण त्या प्रमाणपत्रावर नर्स होता येत नाही, त्याला मान्यताप्राप्त कॉलेजातला वेगळा कोर्सच करावा लागतो. तिकडे गेलीसच तर वॉर्डात पाय ठेवण्याआधी हिपॅटायटिस बी ची लस सुरू कर. शून्य, एक आणि सहा महिने असे तीन डोस असतात आणि वापरलेली सुई टोचण्याचा धोका पहिल्या दिवसापासून असतो.

टॅलीत प्रमाणपत्राला फार विचारत नाहीत, बिलं पुढ्यात टाकतात. सीएच्या ऑफिसात किंवा एखाद्या डीलरकडे तुला पहिल्यांदा खरेदीच्या बिलांची एंट्री देतील. बिलावर पुरवठादाराचा १५ अक्षर-अंकांचा जीएसटी नंबर असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्र २७, गुजरात २४. पुढची दहा अक्षरं त्याचा पॅन. सुरतहून आलेल्या मालाच्या बिलाला आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या खरेदीचा कर) लागतो, पुण्यातल्या पुण्यात खरेदी असेल तर सीजीएसटी आणि एसजीएसटी (केंद्राचा आणि राज्याचा वाटा) अर्धा-अर्धा. नवीन मुलं घाईत सुरतचं बिलही सीजीएसटीत टाकतात, रक्कम जुळते म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. मग १४ तारखेला जीएसटीच्या पोर्टलवर २-बी नावाचा तक्ता येतो. त्यात पुरवठादारांनी भरलेली बिलं दिसतात आणि ती आपल्या खरेदीशी ताडायची असतात. तिथे जुळत नाही. कधी नंबरातला बी आणि आठ उलटासुलटा झालेला, कधी बिल नंबर ‘४५’ ऐवजी ‘०४५’ टाकलेला. ३-बी (महिन्याचं जीएसटी विवरणपत्र) भरायची तारीख २०, म्हणजे मधल्या पाच-सहा दिवसांत सगळं ऑफिस चुका शोधत बसतं. एंट्री मारणाऱ्या मुली पुष्कळ असतात. २-बी जुळवणारी मिळाली की तिला सोडत नाहीत.

म्हणून संस्थेच्या शिक्षकांना विचार, कोर्समध्ये खरी बिलं हाताळायला देतात की पुस्तकातल्या ‘एबीसी ट्रेडर्स’वरच थांबतात? बँक रिकन्सिलिएशन, म्हणजे बँकेचा उतारा आपल्या हिशेबाशी जुळवणं, शिकवतात का? एक्सेलमध्ये फिल्टर, व्हीलुकअप आणि पिव्होट येईपर्यंत घेतात का? कीबोर्डच्या उजव्या बाजूचे आकडे न बघता मारायची सवय घरीही करता येते. जुना कीबोर्ड मिळाला तर तोही पुरे, कॉम्प्युटर लागत नाही.

इंटर्नशिप बिघडते ती बहुतेक पहिल्या दहा दिवसांत. ऑफिसमध्ये कोणाला वेळ नसतो, मग नवीन मुलीला झेरॉक्स, कुरिअर, चहा सांगतात आणि ती बिचारी दोन महिने तेच करते, कारण ‘तक्रार केली तर नोकरी जाईल’. एक वही ठेव. रोज तीन ओळी. आज काय केलं, किती बिलं, काय चुकलं. शनिवारी वरिष्ठांची सही घे. दहाव्या दिवशी वहीत नुसता चहाच दिसला तर ती वही संस्थेच्या ताईंना दाखव. बदलून मागणं हा तुझा हक्क आहे आणि त्यासाठीच मध्ये संस्था आहे. हीच वही पुढे मुलाखतीत प्रमाणपत्रापेक्षा जास्त बोलते. आणखी एक. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा शिकाऊ मुलींनाही लागू आहे. दहा माणसांहून लहान ऑफिस असेल तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते.

सरकारी योजनांबद्दल थोडक्यात. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत २०२४ मध्ये बारावी पासला महिना ६ हजार ठरले होते, वय १८ ते ३५. जागा निघालेल्या असतील तर राज्य सरकारच्या महास्वयंम पोर्टलवर दिसतील. पण मुदत संपली की पुढे नोकरीची हमी नाही, त्यावरून आंदोलनंही झाली आहेत. प्रधानमंत्री इंटर्नशिप योजनेला २०२४ च्या नियमांप्रमाणे वय २१ लागायचं, त्या हिशेबाने तू अजून बसत नाहीस. त्याच नियमांप्रमाणे आधी अप्रेंटिसशिप पूर्ण केलीस तर त्या योजनेचं दार बंद होतं, हे माहीत असू दे. तेवढ्यासाठी थांबून राहावं असं मात्र नाही.

ठरवायचं कसं? घरात दोन महिन्यांचं रेशन-भाडं निघण्याइतकी सोय असेल, संस्थेने स्टायपेंडचा आकडा आणि इंटर्नशिपचं ठिकाण लेखी दिलं आणि मागच्या बॅचच्या मुलींनी बरं सांगितलं, तर कोर्स घे आणि सुपरमार्केटला ‘दुपारी तीन ते आठ येऊ का’ विचार. सणासुदीच्या आधी त्यांना अर्धवेळ माणसं लागतातच. सोय नसेल, बाबांच्या उपचाराचा खर्च मोठा असेल आणि तिथे ईएसआयसी मिळत असेल, तर आत्ता नोकरी धर आणि संस्थेत पुढच्या बॅचला नाव घाल. तीन-चार महिन्यांनी पुन्हा बॅच निघते. आईला सोळा महिने आणि साडेनऊ महिने हे दोन आकडे कागदावर मांडून दाखव. ‘माझं करिअर’ या शब्दापेक्षा त्यांचा उपयोग होईल.

काहीही ठरलं तरी सोमवारी कॉलेजच्या ऑफिसात जा. एफवायला प्रवेश घेताना शाळा सोडल्याचा दाखला तिथे दिला असशील, तो अजून तिथेच पडलेला असणार. फी थकली असेल तर अर्ज देऊन किती भरायची ते लिहून घे. पुढे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बीकॉम करायचं ठरलं तर हे कागद लागतील. आधार, पॅन आणि मार्कशीटवर नाव अक्षरशः सारखं आहे का बघ. मधलं नाव एका ठिकाणी आहे, दुसरीकडे नाही, एवढ्यावर स्टायपेंड अडकतो. बँकेत विचारून घे, खातं आधारशी डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, जोडलेलं आहे का. नुसतं आधार दिलेलं असणं पुरत नाही.

इंग्रजीचं म्हणशील तर अकाउंट्सच्या ऑफिसात बोलणं मराठी-हिंदीतच चालतं, लिहिणं इंग्रजीत. तुला भाषण करायचं नाही, साताठ वाक्यांचा मेल लिहायचाय. ‘मार्च महिन्याचं बिल मिळालेलं नाही, कृपया पाठवा’, ‘तुमच्या बिलात जीएसटी नंबर चुकलाय’, ‘पेमेंट आज केलंय, पावती जोडली आहे’. अशी वीस वाक्यं संस्थेच्या शिक्षकांकडून इंग्रजीत लिहून घे आणि वहीच्या शेवटच्या पानावर चिकटवून ठेव. पहिला महिना त्यांतलीच फिरवून फिरवून वापरायची.